आपले आठ दिरहम

न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने २०१३ साली हद्दपारीचा खटला चाललेल्या स्थलांतरितांना वकील मिळावा म्हणून ५ लाख डॉलर मंजूर केले. दुबईच्या पालिकेकडून तशी अपेक्षा इथे कोणी करणार नाही. पण निधी आपल्याकडेही आहे. पासपोर्टच्या नूतनीकरणात आपण ८ दिरहम भारतीय समुदाय कल्याण निधीला देतो (पावती वाचतो कोण म्हणा!). मालकाने खोट्या प्रकरणात अडकवलेल्या गरजू कामगाराला त्यातून सुरुवातीची कायदेशीर मदत देता येते. २०१७ च्या नियमांत तसे आहे. आपल्या मंडळींची धाव मात्र परतीच्या तिकिटापर्यंतच. माझे म्हणणे, आधी वकील. हद्दपारीचा हुकूम झाल्यावर पुन्हा इथे येणे फार कठीण. सोनापूरच्या कॅम्पांत हे सांगायला माझ्याबरोबर कोण येणार? जेवणाआधी नावे द्या.