उसाच्या शेतातून बर्लिनपर्यंत

आपल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने धनुर्विद्येचे सांघिक सुवर्ण मिळविले. शिक्षकाची ही कन्या प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या शेतात सराव करीत घडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी ती कंपाउंड प्रकारात विश्वविजेती ठरली. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण! (एकलव्याचे गोडवे गाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होते?) परंतु २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याला स्थानच नव्हते. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ते प्रथमच मिळत आहे, तेही केवळ मिश्र सांघिक गटात. देशातून एकच मुलगी जाणार. ज्योती सुरेखांसारख्या सहकाऱ्यांशी स्पर्धा करूनच अदितीला ती जागा मिळवावी लागेल.