झाडांना लागेल तेवढाच उजेड



पनवेलजवळच्या सुकापुरात, माथेरान रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आता इमारतीला लागून इमारत आहे. बऱ्याच घरांत ऊन येतं ते खिडकीपुरतं. अशा घरात पाणवनस्पतींची टाकी फुलवायची तर उजेड आपणच पुरवावा लागतो. त्यासाठी एलईडीचा दिवा घरी कसा बांधायचा, हा आजचा विषय. घरी बांधल्याने पैसे वाचतात हे खरंच. पण त्याहून मोठा लाभ असा, की उजेडाचं माप आपल्या हातात येतं. टाकी बिघडते ती बहुतेक वेळा या मापाच्या चुकीनेच.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी काचेआडचे मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथे. तिथला उजेड बघणाऱ्यासाठी होता. झाडं लावलेल्या टाकीत मात्र उजेड हे अन्न तयार करण्याचं साधन आहे, म्हणून त्याचा हिशेबही वेगळा. दिव्याच्या खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा माणसाच्या डोळ्याला किती लख्ख दिसतं ते सांगतो, आणि आपला डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वाधिक दाद देतो. हरितद्रव्य सर्वांत जास्त शोषतं ते निळा आणि तांबडा.

हे कळलं कसं, ती हकिगत सांगण्याजोगी आहे. १७७९ साली यान इंगेनहाउझ या डच वैद्याने पाण्यात बुडवलेली पानं उन्हात ठेवली. पानांवर बुडबुडे आले, सावलीत नेताच थांबले. पुढे १८८२ मध्ये जर्मनीच्या एंगेलमान यांनी हिरव्या शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून सप्तरंगी पट्टा पाडला आणि त्या पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंनी गर्दी केली ती तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत. झाड कुठल्या रंगात जास्त काम करतं, हे जिवाणूंनीच दाखवून दिलं.

निळ्या रंगाचा प्रखर एलईडी हाती यायला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळसर लेप. झाडाला हवा तो निळा त्यात भरपूर असतो, तांबडाही पुरेसा असतो. त्यामुळे ६५०० केल्विनचा साधा ‘कूल डेलाइट’ घेतला तरी काम होतं.

आता प्रत्यक्ष बांधणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी धरा. तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. एक वॅटचे वीस एलईडी घ्या, ॲल्युमिनियमच्या छोट्या चकतीवर बसवलेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते सुटे मिळतात. दहा-दहाच्या दोन माळा करायच्या आणि प्रत्येक माळेला वेगळा ड्रायव्हर, वेगळं बटण. एका एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. दहा एलईडी सिरीजमध्ये जोडले की तीस-बत्तीस व्होल्ट होतात. ड्रायव्हर ‘कॉन्स्टंट करंट’ प्रकारचा, ३०० मिलिअँपिअरचा हवा. एलईडी तापला की त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढतो, करंट वाढला की आणखी तापतो आणि शेवटी जळतो. ड्रायव्हर करंट बांधून ठेवतो, म्हणून हे चक्र सुरूच होत नाही.

एवढं करूनही विजेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत जातो. ती बाहेर काढायला जाड ॲल्युमिनियम हवं. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सेक्शनचे उरलेले तुकडे मिळतात. दोन फुटांचा एक तुकडा छान चालतो. चकतीखाली थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, स्क्रूने घट्ट आवळा, मग सोल्डरिंग करा. वीज देण्याआधी मल्टिमीटर लावून एलईडीचं एकही टोक धातूला चिकटलेलं नाही ना, ते तपासा. अर्धा तास दिवा पेटता ठेवा, मग बंद करून लगेच सेक्शनला बोट लावा. पाच सेकंदही बोट टेकवत नसेल, तर धातू कमी पडतो आहे.

आता जे सांगतो ते नीट ऐका. बिघडलेल्या स्वस्त बल्बमधला ड्रायव्हर काढून इथे अजिबात वापरू नका. त्यातल्या पुष्कळांचा आउटपुट घरच्या २३० व्होल्टपासून अलग केलेला नसतो. पाण्याजवळ त्याचा धक्का जीव घेऊ शकतो. ‘आयसोलेटेड’ लिहिलेलाच ड्रायव्हर घ्या, टाकीवर काचेचं झाकण ठेवा, वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगपर्यंत पोचणार नाही. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा. पाण्यात हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करायची.

दिवा तयार झाला. आता तो मोजायचा कसा? प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारा मीटर महाग असतो. पण शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केला आहे. हायड्रिलाची ताजी फांदी कापून, कापलेलं टोक वर ठेवून, एकच माळ लावलेल्या दिव्याखाली पाण्यात धरा. देठातून सुटणारे बुडबुडे मिनिटभर मोजा. दिवा चार बोटं वर घ्या, थोडं थांबून पुन्हा मोजा. मग दिवा पुन्हा पहिल्या उंचीवर आणून, दुसरी माळही लावून मोजा. पहिल्या माळेने बुडबुडे वाढले आणि दुसरी लावूनही वाढत नसतील, तर उजेड पुरेसा आहे. अडलं आहे ते कार्बन डायऑक्साइडवर. पाण्यात हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद पसरतो. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेलं तत्त्व हेच: जो घटक सर्वांत अपुरा, तोच वेग ठरवतो. तो न पुरवता नुसता उजेड वाढवला, तर झाडं तिथेच राहतात आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं.

म्हणून सुरुवात एका माळेने, रोज सहा तास. जावा फर्न, ॲन्युबियास, क्रिप्टोकोरीन एवढ्यावर समाधानी असतात. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांच्याच रहिवासी. रोटाला लाल व्हावी असं वाटत असेल तर दुसरी माळ लावा, पण सोबत कार्बन डायऑक्साइड आणि खतही द्या. उलट, कासच्या पठारावरचा वायतुरा उघड्या उन्हातल्या उथळ पाण्यात वाढतो. तो दुर्मिळ आहे आणि त्याची जागा पठारावरच आहे. तिथून कोणी काही उपटून आणू नये. तसंच टाकीतल्या छाटलेल्या फांद्या आणि नकोसे मासे इथल्या गाढी नदीत सोडू नयेत. आपल्याकडेही वाढणारी हायड्रिला मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि तिथले कालवे तुंबले. फांद्या वाळवून कुंडीत खत म्हणून घाला.

खर्चाचं सांगायचं तर दोन्ही माळांचे वीस वॅट, रोज अगदी आठ तास धरले, तरी तीस दिवस मिळून पाच युनिटही होत नाहीत. टायमर लावा, वीज गेली की साध्या टायमरचं घड्याळ मागे पडतं, तेवढं पाहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला: एकतर तास, एकतर उंची, एकतर माळ. बदलानंतर दोन-तीन आठवडे थांबा, कारण नवी पानं यायला तेवढा वेळ लागतोच. इथल्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे, की यंदा हा दिवा मुलांकडून बांधून घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली आठवी-नववीची मुलं हे सहज करू शकतील, आणि प्रकाशसंश्लेषणाचा धडा त्यांना स्वतः मोजलेल्या आकड्यांवरून समजेल.