पोटावरील नवे द्वार

मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात कर्करोग झाला, किंवा दीर्घकाळच्या दाहाने आतडे निकामी झाले, म्हणजे कित्येकदा तो भाग काढून टाकल्यावाचून गत्यंतर उरत नाही. मग शल्यचिकित्सक उरलेल्या आतड्याचे टोक पोटाच्या त्वचेशी आणून शिवतात व मलास तेथून वाट करून देतात. या द्वारास स्टोमा म्हणतात. शस्त्रक्रियेने प्राण वाचतात. परंतु रोगी घरी परततो तो एक चिंता घेऊनच. आता चारचौघांत वावरावयाचे कसे?

ही चिंता जुनीच आहे. १९५४ साली डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सेन या परिचारिकेच्या बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाली होती. गळतीच्या भयाने बहिणीने घराबाहेर पडणेच सोडले. तिची ती अवस्था पाहून एलिसेला त्वचेस चिकटणारी आणि वापरून टाकून देता येणारी पिशवी सुचली. प्लॅस्टिकच्या वस्तू बनविणाऱ्या एका कारखानदाराने ती तयार केली. आजच्या पिशव्या त्याच कल्पनेतून विकसित झाल्या आहेत.

स्टोमा तांबूस व ओलसर दिसतो. त्याला स्पर्शाने वेदना होत नाहीत. मात्र त्यावर इच्छेचा ताबाही चालत नाही. म्हणून पिशवी एकतृतीयांश भरताच रिकामी करावी. भोवतालची त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत सूज ओसरून स्टोमा लहान होतो. तेव्हा पुन्हा माप घेऊन पिशवीचे छिद्र कापावे. छिद्र मोठे राहिले तर मल त्वचेस लागून ती सोलवटते. लहान आतड्याचा स्टोमा असल्यास शरीरातून पाणी व मीठ अधिक जाते. त्याची भरपाई वैद्यकीय सल्ल्याने करावी. ओले खोबरे, शेंगदाणे, मक्याचे दाणे असे पदार्थ आरंभी टाळावेत व पुढे बारीक चावून खावेत. स्टोमा काळपट पडला, किंवा पोटात कळा येऊन मल बाहेर येणे थांबले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

एवढे साधले म्हणजे स्नान, प्रवास, नोकरी, संसार यांपैकी काहीच वर्ज्य राहत नाही. तरीही पूजेस बसावे की नाही, पंगतीत जेवावे की नाही, असा संकोच अनेकांच्या मनात घर करून राहतो. वस्तुतः मल प्रत्येकाच्याच शरीरात असतो. येथे त्याची वाट तेवढी बदललेली असते. हे रोग्याने मनाशी मानण्यापूर्वी घरच्यांनी मानले पाहिजे. पत्नीने अथवा पतीने, मुलाने अथवा सुनेने पिशवी बदलण्याची रीत रुग्णालयातच शिकून घ्यावी, आणि पाहुणे आले असता रोग्याचे पान वेगळ्या खोलीत मांडू नये. शस्त्रक्रियेने राखलेले आयुष्य जगण्याजोगे करणे, हे काम पुष्कळसे घरच्या माणसांचेच आहे.