सातबारा भलत्याच ठिकाणी उघडतो तेव्हा

आखाडा बाळापूरसारख्या गावात सेवा केंद्राच्या संगणकावर रात्री विंडोज अपडेट होतं, आणि सकाळी सातबाऱ्याची पीडीएफ अॅक्रोबॅट रीडरऐवजी ब्राउझरमध्ये उघडते. घाबरू नका, फाइल शाबूत आहे. कोणती फाइल कुणी उघडायची, ती नोंद तेवढी बदलली. पण उताऱ्यावरची डिजिटल सही ब्राउझरमध्ये नीट पडताळता येत नाही, म्हणून दुरुस्ती हवीच. फाइलवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ'मधून 'चूज अनदर अॅप' घ्या, रीडर निवडा आणि 'ऑलवेज' दाबा. विंडोज १०मध्ये तिथं एक चौकोन असतो. त्यात खूण करायची घाईत राहून जाते, मग दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. नावाच्या शेवटचं 'पीडीएफ' मात्र पुसू नका. त्यावरूनच विंडोज प्रोग्रॅम ठरवतं.