खेळाडूचा वस्ताद होतांना



बर्फावर खेळली जाणारी हॉकी आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं प्रत्यक्ष पाहिली असेल. मीहि ती पडद्यावरच पाहिली आहे. पोलादी पात्यांचा तो करकराट समोर बसून ऐकण्याचा योग मला आलेला नाहीं. तरीहि या खेळांतील एका माणसाविषयीं आज बोलावें असें मीं ठरविलें, याला कारण माझा जन्माचा धंदा. ज्याचीं पस्तीस वर्षें मुलें शिकविण्यांत गेलीं, त्याला दुसरा कोणी शिकवूं लागला म्हणजे त्याचें कसें काय होतें, हें पाहण्याची खोड जडते. उत्तम करणारा उत्तम शिकवूं शकतो काय, हा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलींत दर पावसाळ्यांत एकदां तरी निघे, आणि चहा संपला कीं तसाच राही. टो ब्लेक या कॅनेडियन खेळाडूचें चरित्र वाचतांना मला त्या खोलीची फार आठवण झाली.

त्याचें खरें नांव हेक्टर. धाकट्या भावंडाला तें नीट म्हणतां येईना. त्याच्या बोबड्या उच्चारांतील शेवटचा तुकडा तेवढा राहिला आणि जन्मभर चिकटला. इंग्रजींत त्याचा अर्थ पायाचें बोट असा होतो, पण पायाशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. त्याच्या पायाची गोष्ट पुढें यावयाची आहे.

आधीं खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. एका बाजूस सहा गडी, त्यांत एक गोलरक्षक. चेंडूऐवजीं कठीण रबराची चपटी चकती. आघाडीच्या तिघांची एक फळी असते. बर्फावरील धांव इतकी जीवघेणी असते कीं, मिनिटा-दीड मिनिटांत फळी दमून जाते आणि चालू खेळांतच दुसरी फळी कठड्यावरून उडी घेऊन आंत उतरते. खेळ थांबत नाहीं. कोणती फळी कोणत्या क्षणीं उतरावयाची, हें बांकामागें उभा असलेला प्रशिक्षक ठरवितो. म्हणजे आपल्या तालमीच्या वस्तादाप्रमाणें कुस्तीला हात लावून देऊन बाजूस बसावें, अशी सोय त्याला नसते. सामना संपेपर्यंत तो पायांवाचून खेळतच असतो.

ब्लेक १९१२ सालीं ऑन्टारिओ प्रांतांत, व्हिक्टोरिया माइन्स नांवाच्या खाणीच्या वस्तींत जन्मला. १९३६ सालीं तो मॉन्ट्रियल येथील ‘कनेडियन्स’ या संघांत आला आणि तेथें बारा वर्षें डाव्या बाजूस आघाडीला खेळला. १९३९ सालीं साऱ्या लीगमध्यें सर्वांत अधिक गुण त्याचे होते, आणि संघाला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट पारितोषिकहि त्यालाच मिळालें. पुढें मध्यें एल्मर लाक, उजवीकडे मॉरिस रिशार आणि डावीकडे ब्लेक अशी एक फळी जमली. लोक तिला ‘पंच लाइन’, म्हणजे ठोशाची फळी, म्हणत. १९४४-४५ च्या हंगामांत साऱ्या लीगमधील गुणांचे पहिले तीन क्रमांक या तिघांनींच घेतले. रिशारनें तर पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले. स्टॅन्ले चषक हें या खेळांतील सर्वोच्च विजयचिन्ह. तें १९४४ आणि १९४६ सालीं मॉन्ट्रियलला मिळालें, आणि दोन्ही वेळां विजयाचा गोल ब्लेकच्या काठीनें झाला.

या माणसाचा स्वभाव मूळचा तापट. तरीहि १९४५-४६ च्या साऱ्या हंगामांत पंचांनीं त्याला दिलेल्या शिक्षेचीं मिनिटें मोजलीं तर तीं भरतात अवघीं दोन! सभ्य खेळाचें पारितोषिक त्या वर्षीं त्याला मिळालें. हें येथें मुद्दाम सांगून ठेवतों.

१९४८ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध खेळतांना त्याच्या पायाचें हाड मोडलें. वय पस्तीस. खेळाडू म्हणून त्याचें मोठ्या लीगमधील आयुष्य तेथेंच संपलें. २३५ गोल त्याच्या खात्यावर जमा होते, आणि पुढें काय करावयाचें याचा कांहींच भरंवसा नव्हता.

यापुढचीं सात वर्षें चरित्रकार भराभर उरकतात. मला तींच अधिक वाचावयास हवीं होतीं. ज्याच्या नांवाचा जयघोष मॉन्ट्रियलच्या फोरममध्यें हजारों मुखांनीं होत असे, तो माणूस ह्यूस्टनला गेला, बफेलोला गेला, आणि मग क्वेबेकमधील व्हॅलीफील्ड नांवाच्या लहानशा गांवच्या संघाला शिकवीत राहिला. त्या संघांत कोणी रिशार नव्हता. मला वाटतें, त्यानें शिकविणें खरोखर शिकलें असेल तें येथेंच. ज्याला सर्व कांहीं आपोआप येत गेलें, त्याला न येणाऱ्याची अडचण कोठें आहे हेंच प्रथम दिसत नाहीं. मंद विद्यार्थ्यांचा वर्ग मिळाल्यावांचून मास्तर तयार होत नाहीं, हें आमच्या धंद्यांतील जुनें सत्य आहे. मंद मुलांना मात्र तें कोणी सांगत नाहीं!

त्याला मोठ्या संघाचें बोलावणें आलें तें एका दंगलीमागून. १९५५ च्या मार्चमध्यें बॉस्टन येथील सामन्यांत मॉरिस रिशारनें रागाच्या भरांत एका रेषापंचास मारलें. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनीं त्याला उरलेल्या सर्व सामन्यांस बंदी केली. रिशार हा मॉन्ट्रियलच्या फ्रेंच भाषिकांचा केवळ खेळाडू नव्हता, तो त्यांचा अभिमान होता. इंग्रजी भाषिक अधिकाऱ्यानें केलेली ही शिक्षा त्यांच्या फार जिव्हारीं लागली. १७ मार्चला कॅम्बेल स्वतः सामना पाहावयास येऊन बसले. फोरममध्यें अश्रुधूर फुटला, सामना अर्ध्यावर सोडावा लागला, आणि त्या रात्रीं रस्त्यावरील दुकानें फुटलीं व लुटलीं गेलीं. जुने प्रशिक्षक डिक अर्विन त्या उन्हाळ्यांत संघ सोडून गेले. त्यांच्या जागीं ब्लेक आला. त्याची आई फ्रेंच-कॅनेडियन, त्यामुळें दोन्ही भाषा त्याला येत. आणि रिशारच्या खांद्यास खांदा लावून तो खेळलेला. या रागीट मित्राला सांभाळील तर हाच, असा चालकांचा हिशोब असावा.

काल ज्याच्याशीं बरोबरीनें थट्टा केली, त्याला आज ‘तूं बस, दुसरा उतरूं दे’ असें सांगावयाचें! हें किती अवघड आहे तें, एकाच शाळेंत सहाध्यायी असलेल्यांपैकीं एकजण मुख्याध्यापक झाला म्हणजे कळतें. पण दोघांनींहि तें निभावलें. रिशार ब्लेकच्या हाताखालीं पांच हंगाम खेळला, त्यांतील शेवटचे चार कप्तान म्हणून. आणि १९५६ पासून १९६० पर्यंत ओळीनें पांच वर्षें चषक मॉन्ट्रियलच्या बाहेर गेला नाहीं. असा पराक्रम आजवर दुसऱ्या कोणत्याहि संघाला साधलेला नाहीं.

त्या संघाच्या बळाची एक खूण नियमांच्या पुस्तकांत उमटली आहे. पूर्वीं लहान गुन्ह्याबद्दल बाहेर बसविलेल्या गड्यास पुरीं दोन मिनिटें बाहेर काढावीं लागत, मग त्याच्या संघावर कितीहि गोल होवोत. ५ नोव्हेंबर १९५५ रोजीं बॉस्टनचे गडी असे कमी असतांना मॉन्ट्रियलच्या झां बेलिव्होनें ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून नियमच बदलला: एक गोल झाला कीं शिक्षा संपली व गड्यानें परत यावें.

आतां मला ज्यासाठीं हें भाषण करावेंसें वाटलें त्या प्रसंगाकडे येतों.

संघाचा गोलरक्षक झॅक प्लांत हा जगावेगळा माणूस होता. त्या काळीं गोलरक्षक उघड्या तोंडानें उभे राहत. १९३० सालीं क्लिंट बेनेडिक्टनें कातडी मुखवटा थोडे सामने वापरून पाहिला होता, पण ती चाल रुजली नाहीं. प्लांत सरावाच्या वेळीं मुखवटा घाली. सामन्यांत तो घालण्यास मात्र ब्लेकची ठाम मनाई होती. मुखवट्यानें पायापाशीं आलेली चकती दिसत नाहीं, आणि भीति गेली कीं सावधपणाहि जातो, असें त्याचें मत. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्क येथें अँडी बाथगेटनें मारलेली चकती प्लांतच्या तोंडावर बसली. रक्तबंबाळ होऊन तो आंत गेला, टांके घातले गेले. दुसरा गोलरक्षक ठेवण्याची तेव्हां पद्धत नव्हती. प्लांत म्हणाला, मुखवटा घालूं देत असाल तर उतरतों, नाहीं तर नाहीं. ब्लेकपुढें इलाज नव्हता. जखम भरेपर्यंत, अशा अटीवर त्यानें मान्य केलें. तो सामना मॉन्ट्रियलनें ३-१ असा जिंकला, आणि नंतरहि कित्येक आठवडे हा संघ हरेना.

पण ब्लेकचें मत बदललें नव्हतें. ८ मार्च १९६० रोजीं त्याच्या आग्रहाखातर प्लांत एकदां पुन्हां उघड्या तोंडानें डेट्रॉइटविरुद्ध खेळला, आणि संघ ०-३ असा हरला. दुसऱ्या सामन्यापासून मुखवटा परत आला. या वेळीं ब्लेकनें तो काढावयास लावला नाहीं. त्या वसंतांत अंतिम फेऱ्यांतील आठहि सामने जिंकून त्यांनीं पांचवा चषक घेतला. आज मुखवट्यावांचून उभा राहणारा व्यावसायिक गोलरक्षक कोठेंहि सांपडणार नाहीं.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मी मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. माझ्या हाताखालून गेलेले अनेकजण माझ्या कितीतरी पुढें गेले. एकदां एका मुलानें भूमितीचा एक सिद्धांत पुस्तकांत नसलेल्या रीतीनें सोडविला. मीं तो चूक दिला. घरीं येऊन रात्रीं पाहिला तों रीत बरोबर होती, माझ्या रीतीपेक्षां दोन पायऱ्यांनीं आंखूड. दुसऱ्या दिवशीं वह्या परत दिल्या तेव्हां मीं त्याचे गुण वाढविले, पण कां वाढविले हें वर्गांत सांगितलें नाहीं. तेवढें धैर्य मजपाशीं नव्हतें. ब्लेकला आपली माघार हजारों प्रेक्षकांसमोर, दर सामन्याला, त्या मुखवट्याच्या रूपानें पाहावी लागली.

१९६० नंतर रिशार निवृत्त झाला. १९६१ च्या मार्चमध्यें शिकागोविरुद्धचा एक सामना तिसऱ्या जादा डावापर्यंत लांबून हातचा गेला, तेव्हां ब्लेक बर्फावर धांवत गेला आणि त्यानें पंच डाल्टन मॅकआर्थर यांच्यावर हात उगारून ठोसा मारला. दोन हजार डॉलर दंड झाला. रिशारचा राग आवरण्यासाठीं ज्याला आणलें, वर्षभरांत दोन मिनिटांवर शिक्षा न भोगणारा तो हाच माणूस! खेळाडूला राग काढावयास पाय असतात, काठी असते. बांकामागें उभ्या असलेल्याला तेंहि नसतें.

त्यानंतर चार वर्षें चषक आला नाहीं. मग १९६५, १९६६ आणि १९६८ असा तीनदां आला. तेरा हंगामांत एकूण आठ. सामन्यांचा ताण आतां सोसवत नाहीं म्हणून १९६८ सालीं त्यानें काम सोडलें. त्या शेवटच्या अंतिम फेरींत समोरच्या बांकामागें सेंट लुईसचा तरुण प्रशिक्षक उभा होता, स्कॉटी बोमन. तो मॉन्ट्रियलच्याच छत्राखालीं हा धंदा शिकलेला. चारहि सामने ब्लेकनें जिंकले. १९९५ सालीं ब्लेक वारला, तेव्हां स्मृतिभ्रंशानें त्याला त्यांतील कांहींच आठवत नव्हतें. बोमननें आपला नववा चषक २००२ सालीं जिंकला, आणि आठांचा तो विक्रम मोडला.