खाली कोण झोपतं?

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. दोन्हीकडच्या बचत गटांतल्या आम्ही बायका आज तुमच्याशी बोलायला बसलोय. विषय ऐकून हसाल. विषय आहे पलंग, आणि पलंगाच्या जागी टांगायची झोळी. बाळाची नव्हे, मोठ्या माणसाची. शहरातले दुकानदार तिला ‘हॅमॉक’ म्हणतात.

आपल्याकडे झोपायच्या खोलीचा पूर्वी एवढा प्रश्न नव्हता. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडायच्या, एरवी पडवी होती, ओटा होता. घरात धान्य, भांडीकुंडी आणि म्हातारी माणसं. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस दाराशी आला आणि उसात बिबट्या आला. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात काय झालं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. आता दिवे लागले की सगळं घर आत आणि दाराला कडी. माणसं तेवढीच, खोली तेवढीच.

गटाच्या एका बैठकीत आम्ही सहज एकमेकींना विचारलं, “रात्री तुमच्यात कोण कुठं झोपतं?” बहुतेकींचं उत्तर सारखंच निघालं. पलंगावर मालक आणि धाकटं पोर. खाली आपण आणि मुलगी. सगळ्यात उशिरा आडवी होणारी आणि सगळ्यात आधी उठणारी बाई फरशीवर. आजवर ते कधी मोजलंच नव्हतं, कारण ते आपल्या अंगवळणी पडलेलं.

पण खाली झोपण्यात नुसती गैरसोय नाही, धोका आहे. मण्यार हा साप रात्रीचा फिरतो. उंदराच्या, पालीच्या मागं घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. असं झालं तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठायचा. मांत्रिक नाही, पाला नाही. आणि मुळात जमिनीपासून वर झोपायचं, मच्छरदाणी लावून. डॉक्टर हेच सांगतात.

आता आमच्यातल्या एकीची गोष्ट. आतली खोली दहा बाय दहा. त्यात पाच बाय साडेसहाचा बॉक्सचा पलंग, म्हणजे खोलीचा तिसरा हिस्सा त्यानंच खाल्लेला. उरलेल्यात कपाट, धान्याची कोठी, शिलाई मशीन. मुलगी दहावीला. तिला वही पसरायला जागा नाही. आई आणि मुलगी पलंगाच्या आणि कोठीच्या मधल्या पट्टीत झोपायच्या. कूस वळली की कोपर पत्र्याला लागायचं.

तिच्या डोक्यात विचार आला तो ऊसतोडणीच्या कोप्या बघून. पाटसला कारखान्याच्या हंगामात तोडणीवाली कुटुंबं येतात. कोपीत वीतभर जागा, पण आडव्या बांबूला झोळी आणि झोळीत लेकरू. खालची जागा चुलीला मोकळी. ती म्हणाली, “लेकराला चालतं, तर मला का नाही?”

तिचे मालक हसले. म्हणाले, “आता काय अंगाई गाऊ का?” सासूबाईंचं वेगळंच. “अगं, पलंग माहेरचा आहे. तो काढला तर तुझ्या आईवडलांना काय वाटेल?” हे खरंच होतं. तो पलंग तिच्या वडलांनी उसाच्या बिलातून घेतलेला. शेवटी गावातल्या सुतारानं तो कापून तीन फुटांचा दिवाण केला. उरलेल्या फळ्यांचं मुलीच्या पुस्तकांसाठी भिंतीला मांडण झालं. माहेरचं लाकूड घरातच राहिलं.

झोळीची पहिली खेप मात्र फसली. घाईघाईनं मधल्या चार इंची भिंतीत हूक ठोकले. ती बसली तशी भिंतीचा गिलावा सुटला, वीट हलली आणि ती खाली आली. गोधड्या अंथरलेल्या होत्या म्हणून बरं. गवंडीदादा येऊन बघून गेले. म्हणाले, “ताई, पंख्याचा हूक खाली ओढला जातो. झोळी भिंतीला आत ओढते. पातळ भिंत अंगावर येईल.”

तेव्हा हा हिशोब नीट ऐका. दोन कड्यांमध्ये दहा फूट अंतर आहे आणि माणूस 60 किलोचं आहे असं धरा. झोळी मधोमध कड्यांपेक्षा तीन फूट खाली येत असेल, तर प्रत्येक कडीवर साधारण 60 किलोची ओढ येते. तीच झोळी ताणून बांधली आणि झोळ एक फुटाच्याही आत राहिला, तर प्रत्येक कडीवर पावणेदोनशे किलोच्या आसपास ओढ येते. म्हणून झोळी ताणून बांधायची नाही, सैल सोडायची. कड्या साडेचार फुटांवर, तळ जमिनीपासून दीड फुटावर. म्हणजे पडलो तरी फार लागत नाही आणि पाय टेकवून उठता येतं.

कड्या घालायच्या त्या कॉलमात, नाहीतर सिमेंटात बांधलेल्या नऊ इंची भिंतीत. बोल्ट आरपार न्यायचा आणि बाहेरच्या बाजूनं लोखंडी पट्टी लावून नट कसायचा. आमच्या मैत्रिणीनं मग झोळीची दिशाच बदलली आणि दोन्ही बाहेरच्या भिंती धरल्या. मातीत बांधलेली भिंत, चार इंची भिंत, पत्र्याच्या शेडचा बारीक अँगल, यांना झोळी बांधायचीच नाही. जुन्या घराची तुळई वाळवीनं खाल्लेली नाही ना, हे सुताराकडून बघून घ्या.

कापड नवं आणि जाड सुती घ्या, दुहेरी शिवा. रुंदी पाच फूट तरी हवी. जुनं लुगडं बाळाला चालत असेल, मोठ्या माणसाला नाही. दोर नवा घ्या. मोटारीचा झिजलेला दोर किंवा बैलाचं दावं नको. पहिल्या रात्री माणूस झोपवू नका. पन्नास किलोची गव्हाची दोन पोती झोळीत रात्रभर ठेवा आणि सकाळी कडी, भिंत, शिवण बघा. पुढं दर महिन्याला बैठकीच्या दिवशी पुन्हा बघायचं.

झोपायचं सरळ नाही, तिरकं. डोकं एका काठाकडे, पाय दुसऱ्या काठाकडे. मग पाठ बरीच सपाट राहते. थंडीत वारा खालून लागतो, म्हणून आत गोधडी घालायची. पांघरूण जमिनीला लोंबू द्यायचं नाही.

ही झोळी काही कालची नाही. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ लोकांचा. 1492 साली कोलंबस तिकडं गेला, तेव्हा ते लोक झोळीत झोपताना त्यानं पाहिले. पुढं जहाजांवरचे खलाशी दाटीत तशाच झोळ्या टांगून झोपू लागले. मेक्सिकोच्या युकातानमध्ये आजही घर बांधतानाच भिंतीत कड्या बसवतात. रात्री झोळी टांगायची, सकाळी गुंडाळून ठेवायची. आपल्याकडं प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल स्वयंपाकाच्या जागेसकट कमीत कमी 25 चौरस मीटरचं, म्हणजे 270 चौरस फुटांच्या आसपास. कुणाचं घरकुल चालू असेल, तर गवंड्याला कड्यांचं आत्ताच सांगा.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. झोळी एका माणसाची. तान्ह्या बाळाला मोठ्या झोळीत झोपवायचं नाही. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट बिछान्यावर झोपवा, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. लहान पोरांना एकटं झोळीशी खेळू देऊ नका, मानेला दोर अडकतो. दिवस भरत आलेली बाई, गुडघे-कंबर धरलेली आजी, मणक्याचं दुखणं असलेलं माणूस, यांना बाजच बरी. आमच्यातल्या एकीला चार रात्रींत झोळी सोसली नाही. तिनं अडीच फुटांची बाज घेतली. तेही चांगलंच. वर झोपल्याशी मतलब.

आमच्या मैत्रिणीच्या खोलीत आता दिवाणावर मालक आणि मुलगा, दोन झोळ्यांत आई आणि मुलगी. सकाळी झोळ्या खुंटीला गेल्या की मधे सात फूट मोकळी फरशी. मुलगी तिथं वह्या पसरून बसते. सासूबाई परवा दुपारी कुणी नाही असं बघून झोळीत टेकल्या आणि तासभर घोरत होत्या. कंबरेचं आम्ही काही बोललो नाही. उठवायला मात्र दोघी लागल्या.

पुढच्या बैठकीला तुम्हीही वहीत एक पान घाला. घरात कोण कुठं झोपतं ते लिहा. मग खोली मोजा, भिंत ठोकून बघा. झोळी घ्या, बाज घ्या, पलंग कापा. पण त्या पानावर ‘खाली’ या शब्दापुढं तुमचं नाव राहू देऊ नका.