चाळिसावा हिस्सा



माझं बालपण सोलापुरात, एका खोलीत गेलं. अब्बा शिवणकाम करायचे, अम्मी बिड्या वळायची. घरात वस्तू मोजक्याच. एक शिलाई मशीन, एक पत्र्याची पेटी, चार ताटं. आज माझ्या घराला तीन खोल्या आहेत, फ्रीज आहे, दोन कपाटं आहेत आणि त्या कपाटांत काय काय आहे हे मला न उघडता सांगता येत नाही. मग पन्नाशीनंतर मी अधिक सुखी झालो का?

गरिबीचं गुणगान मी करणार नाही. ज्यांनी ती भोगली नाही, त्यांनी ते खुशाल करावं. घरात पहिला पंखा फिरला त्या रात्रीची झोप मला अजून आठवते. गॅसची शेगडी आली आणि अम्मीच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं. ही सुखं खरीच होती. दुसरा पंखा आला त्या रात्रीचं मात्र काहीच आठवत नाही.

रिचर्ड ईस्टर्लिन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७४ साली असंच काहीसं मांडलं. एकाच देशात श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा सुखी आढळतात. पण सगळ्यांचंच उत्पन्न वाढत गेलं, तरी समाधान त्या मानानं वाढत नाही. त्यावर पुढे वादही झाले. पण शेजाऱ्याच्या घरात डोकावून आपलं घर मोजायची सवय आपल्या सर्वांनाच आहे.

आमच्याकडे मोजायचं आणखी एक माप आहे, जकातीचं. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढ्या ऐवजाची शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंना द्यायचा. राहतं घर, वापरातले कपडे, पोटापाण्याची हत्यारं यांवर जकात नाही. अब्बांच्या मशीनवर ती कधीच लागली नसती.

लहानपणी आम्ही जकात घेणारे होतो. रमजानमध्ये संध्याकाळी कुणीतरी दाराशी यायचं. अम्मी दिवा न लावताच हात पुढे करायची. देणाऱ्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून.

मी बी.ए. झालो, नोकरी लागली. काही वर्षांनी आमच्या घरात पहिल्यांदा जकातीचा हिशेब बसला. रक्कम निघाली २६० रुपये. अम्मीनं त्या नोटा मागून घेतल्या आणि अंधार पडल्यावर स्वतः जाऊन देऊन आली. परतताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते पुढे फ्रीज आला त्या दिवशीही दिसलं नाही.

आता अम्मी नाही. अलीकडे एका रमजानमध्ये मी हिशेबाला बसलो. सोन्याचा भाव चढलेला. जुना भाव धरला तर रक्कम किती कमी होईल, हे मी हळूच मांडून पाहत होतो. बायकोनं कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "अम्मींनी कुठला भाव धरला असता हो?"

मी कागद फाडला. आजचा भाव धरून पुन्हा हिशेब केला आणि रात्र झाल्यावर नोटा घेऊन बाहेर पडलो. ज्या दाराशी गेलो, तिथेही दिवा लावलेला नव्हता.